विषास बंदी, अतिमात्रेस कर

रासायनिक खते आणि कीटकनाशके यांचा विषय निघाला की आपल्या व्यवसायातील बहुसंख्य मंडळींचे मत ठरलेले असते : शासनाने हे सारे एका फटक्यात बंद करावे. हे मत सद्हेतूने मांडले जाते यात शंका नाही. तथापि चिकित्साशास्त्राचा अभ्यास असलेल्यांनी एवढ्यावर थांबू नये, असे आम्हांस वाटते. युक्तीने योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि अयुक्तीने दिलेले औषधही विषासमान ठरते, हा चरकाचार्यांचा सिद्धान्त आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच न्यायाने शेतात पडणाऱ्या द्रव्यांचेही दोन वर्ग करावे लागतात. काही द्रव्ये अशी आहेत की प्रत्यक्ष शेतावरच्या परिस्थितीत ती सुरक्षितपणे हाताळताच येत नाहीत. काही द्रव्ये मुळात उपयोगी आहेत, परंतु अतिमात्रेने अपाय करतात. पहिल्या वर्गाला बंदी हाच उपाय आहे. दुसऱ्या वर्गाला सरसकट बंदी घातली तर रोगापेक्षा इलाज भयंकर होतो. तेथे किमतीचा, म्हणजेच कर आणि अनुदान यांचा लगाम हवा. हा भेद न करता केलेली मागणी कितीही मोठ्या आवाजात केली तरी तिचे फळ मिळत नाही.

हा विषय कृषिखात्याचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. संबंध अगदी थेट आहे. औषधी द्रव्य कोणत्या भूमीतून घ्यावे याचा विचार करताना सुश्रुताचार्यांनी ते कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, जल यांनी बाधित नसावे असे सांगितले आहे. या यादीतील ‘विष’ हा शब्द आज फवारणीच्या पंपातून प्रत्यक्ष शेतात उतरला आहे. पुनर्नवा, भृंगराज, भूम्यामलकी, गोक्षुर, अपामार्ग या वनस्पती आपल्या दृष्टीने द्रव्ये आहेत, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तण आहेत. त्या बांधावर, पडीक कोपऱ्यात, उभ्या पिकाच्या ओळींत उगवतात आणि तेथूनच गोळा होऊन आडतीमार्गे फार्मसीत येतात. ज्या बांधावर तणनाशक फवारले जाते, त्याच बांधावरची पुनर्नवा काढ्यात पडणार नाही याची हमी कोण देणार?

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यापारातील ९६० वनस्पतींची नोंद झाली. त्यांपैकी १७८ वनस्पतींचा वार्षिक खप १०० टनांहून अधिक आढळला. एवढ्या मागणीला रानावनातून गोळा केलेला माल पुरेसा पडणे दिवसेंदिवस अशक्य होत आहे. अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी, हळद, इसबगोल यांची लागवड जशी वाढेल, तसा कपाशी आणि सोयाबीनच्या शेतातील खत-फवारणीचा रिवाज औषधी पिकांतही शिरेल. म्हणजे उद्याच्या औषधाची शुद्धता बऱ्याच अंशी आजच्या कृषिधोरणावर अवलंबून आहे.

फार्मसीधारकांसाठी एक मुद्दा अधिक स्पष्ट करणे आवश्यक आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियाने वनस्पतिजन्य द्रव्यांत कॅडमियमची मर्यादा दर दशलक्ष भागांत ०.३ भाग अशी घातली आहे. निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य झाली. नमुना नापास झाला की सर्वांचे बोट रसौषधींकडे जाते. परंतु ज्या चूर्णात धातूचा अंशही घातलेला नाही, त्यातही कॅडमियम सापडू शकते. त्याचा एक मार्ग मातीतून जातो. स्फुरदयुक्त खते ज्या खनिजापासून बनतात, त्या खनिजात कमीअधिक कॅडमियम निसर्गतःच असते. वर्षानुवर्षे ते खत पडत राहिले की कॅडमियम मातीत साचते आणि तेथून मुळात व पानात चढते. फार्मसीत कितीही काटेकोर शोधन केले, तरी खताच्या पोत्यातून आलेला हा दोष तेथे निघत नाही. त्यावर उपाय खतधोरणातच शोधावा लागेल.

आता बंदीच्या प्रश्नाकडे वळू. बंदी कोठे गुणकारी ठरते आणि कोठे घातक, हे एकाच देशाच्या इतिहासात शेजारीशेजारी वाचावयास मिळते. तो देश म्हणजे आपला शेजारी श्रीलंका.

श्रीलंकेत गेल्या शतकाच्या अखेरीस कीटकनाशक पिऊन आत्महत्या करणाऱ्यांची संख्या भयावह झाली होती. १९९५ च्या सुमारास तेथील आत्महत्यांचा दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४७ होता. तेथील शासनाने सर्व कीटकनाशके बंद केली नाहीत. सर्वांत मारक होती तेवढी निवडून काढली. १९८४ मध्ये पॅराथिऑन आणि मिथाइल पॅराथिऑन, १९९५ पर्यंत मोनोक्रोटोफॉस व मेथामिडोफॉससह पहिल्या विषवर्गातील उरलेली, १९९८ मध्ये एंडोसल्फान आणि २००८ ते २०११ या काळात पॅराक्वाट, डायमेथोएट व फेन्थिऑन अशी ती टप्प्याटप्प्याने बाजारातून गेली. २००५ पर्यंत आत्महत्यांचा दर जवळजवळ निम्म्यावर आला आणि पुढेही उतरत राहिला. विशेष म्हणजे या निवडक बंदीमुळे शेतीचे उत्पन्न घटल्याचे तेथील अभ्यासकांना आढळले नाही. शेतकऱ्याला कमी विषारी पर्याय उपलब्ध होते आणि त्याने ते वापरले. क्षणिक उद्वेगात हाताशी आलेली बाटली प्राणघातक नसली, तर माणूस वाचतो आणि सावरतो, एवढा साधा हिशेब या यशामागे आहे.

त्याच श्रीलंकेने २०२१ मध्ये दुसरा मार्ग धरला. सेंद्रिय शेतीकडे दहा वर्षांत जाण्याचे आश्वासन २०१९ च्या निवडणुकीत देण्यात आले होते. प्रत्यक्षात मे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या शासनाने रासायनिक खते आणि कीटकनाशके यांची आयात एकदम बंद केली. परकीय चलनाची टंचाई हेही त्यामागे एक कारण होते. पुरेसे सेंद्रिय खत देशात तयार नव्हते. परदेशातून मागविलेल्या सेंद्रिय खताच्या जहाजात घातक जिवाणू आढळले म्हणून ते परत पाठविण्यात आले आणि पुढे त्यापोटी ६७ लाख डॉलर मोजावे लागले. भात आणि चहा या दोन्ही पिकांना जबर फटका बसला, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे सात महिन्यांच्या आतच, बंदी मागे घ्यावी लागली. २०२२ च्या आर्थिक अरिष्टाला इतरही मोठी कारणे होती, त्याचा सारा दोष या निर्णयावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु सेंद्रिय शेतीच्या चांगल्या कल्पनेची अपकीर्ती जगभर झाली, ती मात्र याच निर्णयाने.

वैद्याला यात नवल वाटू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहितकर सवय सोडण्याचा क्रम सांगितला आहे. जे सात्म्य होऊन बसले आहे, ते अहितकर असले तरी एकदम तोडू नये; पादांशाने, म्हणजे चौथ्या चौथ्या हिश्शाने, ते कमी करावे आणि त्याच प्रमाणात हितकर वाढवावे. हा क्रम मोडला तर त्यागातूनच व्याधी निर्माण होतो. पन्नास वर्षे रासायनिक नत्रावर पोसलेल्या जमिनीला ते एका रात्रीत तोडणे, हे दीर्घकाळ अफू घेणाऱ्याची अफू एका दिवसात बंद करण्यासारखे आहे. रुग्ण वाचला तरी वैद्यावर विश्वास ठेवणार नाही.

हा पादांशिक क्रम शेतीत पाळता येतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. सिक्कीमने २००३ मध्ये विधानसभेत सेंद्रिय राज्याचा संकल्प केला, रासायनिक खतांवरील अनुदान टप्प्याटप्प्याने काढून घेतले, दरम्यान कंपोस्ट आणि प्रमाणीकरण यांची व्यवस्था उभी केली, २०१४ मध्ये रासायनिक निविष्ठांच्या विक्रीस कायद्याने मनाई केली आणि जानेवारी २०१६ मध्ये संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून त्याची घोषणा झाली. बंदी आली ती सर्वांत शेवटी, सुमारे अकरा वर्षांच्या तयारीनंतर. सिक्कीम हे डोंगराळ, लहान आणि पूर्वीपासूनच खतांचा अल्प वापर असलेले राज्य आहे, त्यामुळे त्याचा कित्ता विदर्भात किंवा पंजाबात जसाच्या तसा गिरवता येणार नाही. घ्यावयाचा तो क्रम.

आपल्या देशात निवडक बंदीचे पाऊल मात्र फारच मंद पडत आले आहे. केरळातील कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हवेतून एंडोसल्फान फवारले जात होते. तेथील लोकांच्या यातना जगजाहीर झाल्यानंतरही देशव्यापी मनाई होण्यासाठी मे २०११ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागली. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मोनोक्रोटोफॉस मिसळलेल्या तेलात शिजलेले शालेय भोजन खाऊन २३ मुले दगावली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. २०१८ मध्ये केंद्राने १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यांतील सहांना २०२० च्या अखेरपर्यंत मुदत दिली. मे २०२० मध्ये आणखी २७ कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा निघाला, परंतु २०२३ मध्ये त्यांपैकी मोजक्यांवरच अंतिम कारवाई झाली. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार राज्य शासनाला केवळ तात्पुरती मनाई करता येते. कायमचा निर्णय केंद्राच्या हाती आहे. म्हणजे जेथे माणसे मरतात तेथील शासनाचे हात बांधलेले राहतात.

पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर कोणत्याही वैद्यकपद्धतीत उतारा नाही. ज्या विषाला अगद नाही, ते खेड्यातल्या घरात कोनाड्यात ठेवलेले असावे का, एवढाच प्रश्न विचारला तरी बंदी कोणावर हवी याचे उत्तर मिळते. ‘काळजीपूर्वक वापरा’ हा उपदेश येथे निरर्थक आहे. भर उन्हात, उंच वाढलेल्या कपाशीत, रोजंदारीवर फवारणी करणारा मजूर हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी घालून दिवसभर वावरेल, हे गृहीत धरणे म्हणजे पथ्य पाळता येणारच नाही अशा रुग्णाला कठोर पथ्यावरचे औषध देण्यासारखे आहे.

खतांची गोष्ट निराळी आहे. नत्र, स्फुरद, पालाश ही पिकाची पोषकद्रव्ये आहेत. त्यांना विष म्हणणे शास्त्राला धरून नाही. दोष अतिमात्रेत आणि विषममात्रेत आहे. आणि ही विषमता मुख्यतः शासनाच्या किंमतधोरणाने निर्माण केली आहे. एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशयुक्त खतांसाठी पोषकद्रव्याधारित अनुदान सुरू झाले, युरियाला मात्र त्यातून वगळण्यात आले. इतर खते महागली, युरिया स्वस्त राहिला. २०१८ मध्ये युरियाचे ४५ किलोचे पोते कर आणि कडुनिंबलेपाचा खर्च वगळून २४२ रुपयांना ठरले आणि पुढील अनेक वर्षे त्या किमतीत बदल झाला नाही. नत्र-स्फुरद-पालाश यांचे आदर्श प्रमाण ४:२:१ मानले जाते. २०१२-१३ मध्ये देशाचे प्रमाण सुमारे ८:३:१ झाले होते. नत्राचा अतिरेक झाला की पालेवाढ लुसलुशीत होते, लुसलुशीत पानावर रस शोषणाऱ्या किडी येतात आणि मग फवारणी वाढते. म्हणजे स्वस्त युरियाच कीटकनाशकाच्या दुकानाचे गिऱ्हाईक वाढवितो. उरलेले नत्र विहिरीच्या पाण्यात नायट्रेट होऊन उतरते, ते वेगळेच.

अशा ठिकाणी कर कसा चालतो, याचे दाखले उत्तर युरोपात सापडतात. स्वीडनने १९८४ ते २००९ या काळात रासायनिक खतांवर कर घेतला. त्याहून बोधप्रद म्हणजे १९९४ पासून खतातील कॅडमियमवर त्याच्या वजनानुसार वेगळा कर लावला. परिणामी खत कंपन्यांनी कमी कॅडमियमचे खनिज निवडले आणि बाजारातील खत अधिक शुद्ध झाले. शेतकऱ्यांवरील बोजा कमी करण्यासाठी पुढे हे कर रद्द करण्यात आले. तथापि युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून स्फुरद खतातील कॅडमियमला कायद्याने मर्यादा घातली आहे. नॉर्वेने १९९९ पासून कीटकनाशकांवरील कर विषारीपणाच्या श्रेणीनुसार आकारला. डेन्मार्कने जुलै २०१३ पासून मनुष्य आणि पर्यावरण यांवर पडणाऱ्या भारानुसार कराची आकारणी केली. दर वाढण्यापूर्वी तेथील शेतकऱ्यांनी साठा करून ठेवला, म्हणून फळ दिसण्यास विलंब लागला. पण अधिक घातक रसायनांकडून कमी घातक रसायनांकडे वळणे फायद्याचे झाले. कराचा बहुतांश पैसा शेतीक्षेत्राकडेच परत वळविण्यात आला, हे तर विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. डेन्मार्कचा शेतकरी आणि मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी यांची तुलना कशी करावी? येथे खत महागले तर आधीच कर्जात असलेला माणूस आणखी खचेल. हा आक्षेप आम्हांस पूर्णतः मान्य आहे, म्हणूनच नुसत्या करवाढीची शिफारस आम्ही करीत नाही. आजच्या व्यवस्थेत जो अधिक पोती टाकतो त्याला अधिक अनुदान मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला थोडेच येते. २०२२-२३ मध्ये केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. तोच पैसा पोत्यावर न देता शेतकऱ्याच्या हातात, जमिनीच्या क्षेत्रानुसार आणि एका कमाल मर्यादेपर्यंत दिला, तर गरीब शेतकऱ्याचे नुकसान न होता युरियाची खरी किंमत दिसू लागेल. थेट खात्यात पैसे पोहोचविण्याचा मार्ग पीएम-किसान योजनेने २०१९ पासून तयारच आहे. खताचा वापर कमी करणाऱ्या राज्यांना वाचलेल्या अनुदानाचा निम्मा हिस्सा देण्याची केंद्राची योजनाही २०२३ मध्ये मंजूर झाली. दिशा योग्य आहे, मात्रा मात्र अजून अल्प आहे.

कराची जाणीव शासनाला नाही असेही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा करात जे बदल झाले, त्यांत आयुर्वेदिक औषधांवरील कर १२ वरून ५ टक्के झाला, हे आपण सर्वांनी समाधानाने वाचले. त्याच वेळी कडुनिंबाधारित आणि इतर काही जैविक कीटकनाशकांवरील करही १२ वरून ५ टक्क्यांवर आला, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के कर आहे, पण तो सर्वांना सारखाच, मग ते अतिजहाल असो की सौम्य. श्रेणीनुसार कर लावण्यासाठी आपल्याला परदेशातून तंत्र आणावयाचे नाही. प्रत्येक बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण कायद्यानेच छापलेला असतो. हा त्रिकोण तात्कालिक विषारीपणाच दाखवितो. दूषीविषाप्रमाणे शरीरात दीर्घकाळ दबून राहून पुढे उपद्रव करणारा दोष त्यात दिसत नाही, ही त्याची उणीव आहे. तरीही आरंभ करण्यास तो पुरेसा आहे.

म्हणून आपल्या व्यवसायाच्या वतीने शासनाकडे पुढील मागण्या व्हाव्यात, असे आम्ही सुचवितो. लाल त्रिकोणाची आणि ज्यांवर उतारा नाही अशी कीटकनाशके व तणनाशके निश्चित कालमर्यादेत बंद करावीत आणि त्या मुदतीतच पर्याय गावोगावी पोहोचवावेत. उरलेल्यांवर त्रिकोणाच्या रंगानुसार चढता कर लावून त्याचे उत्पन्न जैविक कीडनियंत्रणासाठी राखून ठेवावे. युरियाचे अनुदान पादांशिक क्रमाने पोत्याकडून शेतकऱ्याकडे वळवावे. स्फुरद खतांच्या पोत्यावर कॅडमियमचे प्रमाण छापणे बंधनकारक करावे आणि त्याला मर्यादा घालावी. शेवटची मागणी खास आपल्याशी निगडित आहे. कीटकनाशक कायद्याच्या २६ व्या कलमाने विषबाधेच्या घटना कळविण्याचे बंधन घालण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला आहे. ग्रामीण भागातील नोंदणीकृत वैद्यांचा त्यात स्पष्टपणे समावेश व्हावा. फवारणी करून आलेल्या मजुराची चक्कर, उलटी, डोळ्यांची आग पुष्कळदा प्रथम वैद्याच्याच दवाखान्यात येते. रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठविण्याबरोबरच बाटलीवरील नाव नोंदवून ते कळविले, तर कोणत्या द्रव्यावर बंदी हवी याचा पुरावा आपोआप उभा राहील.

शासनाने करावयाचे एवढे. आता बाजाराने करावयाचे. कर आणि अनुदान यांखेरीज किंमत ठरविणारा तिसरा घटक म्हणजे खरेदीदार. विषमुक्त अश्वगंधेला आणि फवारलेल्या अश्वगंधेला आडतीत एकच भाव मिळत असेल, तर कोणता शेतकरी जादा कष्ट घेईल? फार्मसीधारकांनी दोनचार गावांतील उत्पादकांशी थेट करार करावा, मालाबरोबर खत-फवारणीची नोंदवही मागावी, तपासणीत उत्तीर्ण मालाला ठरलेला जादा दर द्यावा आणि बांधावरील द्रव्ये कोठून येतात ते संकलकाला विचारावे. लहान फार्मसीला एकटीने हा खर्च परवडणार नाही. पाचसहा जणांनी मिळून खरेदी आणि तपासणी केली तर तो विभागला जाईल. वैद्यबंधूंनीही औषध मागविताना केवळ सवलत किती, एवढेच न विचारता द्रव्याचे मूळ विचारावे.

जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात वायू, जल, देश आणि काल यांच्या विकृतीचे मूळ मनुष्याच्या अधर्मात आणि प्रज्ञापराधात आहे, आणि त्याचा आरंभ राज्य चालविणाऱ्यांपासून होतो, असे सांगितले आहे. जल आणि भूमी या दोहोंची विकृती आज आपण डोळ्यांनी पाहतो आहोत. तिचा उपचार घोषणांनी होणार नाही. विष कोणते आणि अतिमात्रा कोणती हे ओळखून प्रत्येकावर त्याचा त्याचा उपाय योजणे, हे तर वैद्याचे नित्याचेच काम आहे. धोरणकर्त्यांना हा विवेक सांगण्याचा अधिकार आपल्याला परंपरेने दिला आहे. पुढील वार्षिक अधिवेशनात या मागण्यांचा ठराव एकमताने व्हावा आणि तो कृषी, आरोग्य व आयुष या तिन्ही खात्यांकडे पाठविला जावा, एवढी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.